नळाबाईची ओटी

"नळ आलाऽऽ! पोरीहो, नळ आला गं!"

भीमाबाईंना जाऊन एक अख्खी पिढी उलटली, पण आश्विनातल्या कोवळ्या सकाळी मंदाकिनीच्या कानात ती हाक अजून तशीच उठायची. आधी तोटी घोगरं खोकायची, मग एक लांब सुस्कारा टाकायची आणि मग पाणी. सासूबाईंना मात्र तो खोकला ऐकू येण्याआधीच कळायचं. त्या ओट्यावरून हाक टाकायच्या आणि अर्धा पारा, म्हणजे अर्धी वस्ती, कळश्या-बादल्या घेऊन अंगणात उतरायचा. यवतमाळहून नवी नवरी होऊन आलेली मंदाकिनी पहिल्याच पहाटे त्या हाकेनं दचकून उठली होती. तिला वाटलं, कोणी मोठा पाहुणाच आला. भीमाबाई त्याला वागवायच्याही पाहुण्यासारखंच. कळशी भरता भरता शहराच्या खारुन नदीच्या नावानं त्यांचा जात्यावरचा गळा लागायचा:

खारुन माझी माय, आली मातीखालून चालत
माझ्या दारी थांबली गं, कळशीसंगं बोलत.

आज त्याच नळाची ओटी भरायची होती.

ही रीत दुसऱ्या कोणत्या घरात असेल असं मंदाकिनीला वाटत नव्हतं. भीमाबाईंच्या माहेरी, मोर्शीकडे, बाळ सव्वा महिन्याचं झालं की बाळंतीण विहिरीवर जाऊन पाण्याची पूजा करायची. इथे रायपुरात घरची विहीर आटली, बुजवली गेली, तेव्हा नात्यातल्या बायकांनी विचारलं, आता सुना कुठं जातील? भीमाबाईंनी सरळ नळाकडे बोट दाखवलं. "पाणी तेच हाय. वाट नवी हाय." तेव्हापासून घरात तान्हं आलं की नळाला हळदीकुंकू लागायचं, तोटीवर हिरव्या खणाची घडी बसायची, खाली गहू आणि नारळ. आणि शेवटी बाळाची आई धारेत करंगळी बुडवून पहिला थेंब बाळाच्या ओठांना लावायची. तो थेंब लागला की पोर या घरचं झालं.

पितळी तोटी चिंचेनं घासता घासता मंदाकिनीचा हात त्या थेंबापाशी येऊन अडला. तो दर वेळी तिथेच अडायचा.

"आई, ये नल है, मौसी नहीं," मागून शिशिर म्हणाला. "कितना चमकाओगी?"

"मावशीच हाय तुही," ती वळून न बघता म्हणाली. "नारळ आणला का गोल बाजारातून? की तोही मोबाईलवरून मागवला?"

"लाया बाबा, लाया. मोठे बाबांनी चार वाजवून पाहिले, तब जाके एक पसंद आला."

अंगणाबाहेर गल्ली उकरून पडली होती. बिडाचे जुने, गंजानं आतून दाटलेले पाईप कडेला काढून ठेवले होते आणि त्यांच्या जागी निळे नवे पाईप मातीत उतरत होते. पलीकडच्या अंगाला सांडपाण्याचे जाड पाईप पडून होते. इतकी वर्षं उघड्या नाल्यांतून वाहणारं सगळं आता जमिनीखालून जाणार होतं. पाऱ्यातल्या म्हाताऱ्या रोज पदर नाकाला लावून खड्डे बघायला यायच्या आणि आपापल्या नातवंडांना सांगायच्या, हे तुमच्यासाठी चाललंय बरं.

फाटकात कामावरचा सुपरवायझर शालिग्राम येऊन उभा राहिला. पूजेची तयारी पाहून त्यानं चपला बाहेर काढल्या.

"भैया, आज साँझ तक ये गली पाट देबो," तो बुजवायच्या खड्ड्यांकडे हात करून म्हणाला. "बताओ, पानी अंदर कौन तरफ से लेना है?"

प्रश्न एवढाच होता, आणि गेले आठ-पंधरा दिवस घर त्याच प्रश्नावर बसलेलं होतं. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ वाट होती. पण त्या वाटेवर, अंगणाच्या बरोबर मधोमध, भीमाबाईंची तुळस होती. त्या काळी नळ घेताना त्यांनी निक्षून सांगितलं होतं, माझ्या तुळशीच्या मुळाला लोखंड लागू द्यायचं नाही. म्हणून त्यांच्या थोरल्या लेकानं, मंदाकिनीच्या थोरल्या दिरानं, बाबारावांनी, पाईप फाटकातूनच वळवला आणि घराच्या कडेच्या नालीतून नेऊन अंगणातल्या तोटीला जोडला. पुढे बाबारावांच्या मुलानं, निलेशनं, त्या नालीवर फरशी टाकली. पाईप गंजला तेव्हा नवा पडला, पण त्याच वाटेनं. फरशीखाली काय आहे हे घर विसरून गेलं.

"तुळस हालणार नाही," बाबाराव खुर्चीतून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना आवाज चढवायची गरज पडत नसे. "फाटकावर तुमचं नवं जोडा. आतलं आमचं जुनं राहू द्या."

"मोठे बाबा, लेकिन क्यों?" शिशिर ओट्यावर टेकला. "बाहर सब नया, और घर के अंदर वही नाली वाला? फिर बदला क्या?"

"तुह्या आजीले मी शब्द दिला होता."

"आजी असती तर उसने खुद कुदळ उठाई होती."

"माही माय तुले काय माहीत रे?" बाबाराव हसले. "तू व्हायच्या आधीच गेली ते."

शंकर नगराहून सकाळीच आलेला निलेश चहा फुंकत होता. नव्या रायपुरातल्या ऑफिसात तो इतकी वर्षं बसला होता की त्याला आता प्रत्येक गोष्ट रुंद रस्त्यावरून दिसायची. काल फोनवर तो शिशिरच्या बाजूनं होता.

"बाबा, घेऊ द्या न सरळ," त्यानं सुरुवात तशीच केली. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "नाहीतं असं करू. राहू दे रे शिशिर. पिण्याले शुद्ध पाण्याचं मशीन हाय न घरात? आंघोळीले अन् भांड्याले कसंही चालते. दोन वर्सांत तुम्ही सगळे तिकडे नव्या रायपुरात येणारच हाय. कशाले म्हाताऱ्या माणसाचं अंगण खोदता?"

"वा भैया! कल तक तो मेरे साथ थे."

"साथच हाय. पण बापाच्या घरात बापाच्या साथ."

"और ये जो आधा पारा रोज इथून पाणी भरतं? त्यांच्या घरात मशीन आहे क्या?"

निलेशनं विषय हसण्यावर नेला. "मशीनचं काय सांगतो? आपली काकू मशीनचं पाणीही उकळते! मशीनले लाज वाटत असन बिचाऱ्या."

सगळे हसले. मंदाकिनीही हसली. 'मंदाचा काढा' ही घरातली फार जुनी थट्टा होती. पाहुण्यांना पाणी देताना तिचे यजमान श्यामकांतराव डोळा मिचकावून सांगायचे, घ्या, दोनदा शिजवलंय. लग्नकार्यात गेलं तरी तिच्या पिशवीत स्वतःची बाटली असायची. शिशिर शाळेत असताना त्याला मुलं चिडवायची की तुझी आई बर्फसुद्धा उकळत असेल.

"काका, तुम्ही बोला न," निलेशनं श्यामकांतरावांना ओढलं.

श्यामकांतराव नारळाची शेंडी सोलत बसले होते. रेल्वेच्या नोकरीत त्यांनी अनेक गाड्यांना रुळ बदलून दिले, पण घरात त्यांचा रुळ एकच. "दादा म्हणतात तसं करा," ते म्हणाले.

आता शिशिरची बायको ऋता उरली होती. ती दारात बाळाला छातीशी धरून उभी होती. हिरवी साडी, केसांत शेवंती. मंदाकिनीनं मनातल्या मनात तिच्यावर भरवसा ठेवला होता. शेवटी पोर तिचं. ती म्हणेल, मला नालीतलं पाणी नको.

"मी बोलू का?" ऋता म्हणाली. "मला वाटते, मोठे बाबांचं मन नका दुखवू. तुळस राहू द्या. आजींची ओवीसुद्धा त्यांनीच मला शिकवली. पहिला थेंब मला ह्याच जुन्या नळाचा पाहिजे. पुढे कधी बदलायचं ते पाहू."

"जिती राह्य पोरी," बाबाराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

शिशिरनं दोन्ही हात वर केले. "चलो! अपनी ही टीम में रन आउट."

"मग भैया?" फाटकातून शालिग्रामनं विचारलं.

"पूजा होऊ दे बाबू. मग जोडून टाक फाटकावर," बाबाराव म्हणाले. "अन् जेवून जाजो. पुरण हाय."

ठरलं. इतक्या सहज ठरलं, की मंदाकिनीच्या हातातली चिंच तशीच राहिली.

ती स्वयंपाकघरात गेली. गॅसवर पातेलं होतं, पाण्याला बुडबुडे धरत होते. झाकण उचलून तिनं आत पाहिलं. वाफेत तिला नेहमी जे दिसायचं तेच दिसलं.

तिची पहिली लेक रमा. जेठ महिन्याचं ऊन. श्यामकांतराव डोंगरगडच्या बाजूला ड्युटीवर. रमाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले तेव्हा बाबारावांनी तिला उचललं, पायांत चपला न घालता चौकापर्यंत पळाले, रिक्षा पकडली. पाऱ्यातलं एकही पोर असं नव्हतं जे त्यांच्या खांद्यावर बसून गोल बाजार बघून आलं नसेल. पण रमा सगळ्यांत लाडकी. तिला काचेच्या बांगड्यांची दुकानं आवडायची. ती त्यांचे कान धरून बसायची आणि बांगड्या दिसल्या की कान ओढायची.

दवाखान्यात बाबाराव औषध आणायला खाली गेले होते. डॉक्टर म्हातारे होते, थकलेले होते. त्यांनी मंदाकिनीला बाजूला घेतलं. "बाई, पाणी कुठलं पाजता? तुमचा नळ कुठून येतो ते एकदा बघा. पाणी थांबलं की पाईप उलटा श्वास घेतो. भोक असेल तिथून बाहेरचं आत ओढतो. पुढच्या लेकराला उकळून पाजा." पुढच्या लेकराला, असं म्हणाले ते. तेव्हा तिला कळलं की हे लेकरू गेलं.

घरी भीमाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. दृष्ट लागली, म्हणाल्या, बाजारात कोणाची तरी लागली. सगळं आटोपल्यावर एका संध्याकाळी मंदाकिनी नालीपाशी गेली. पाईप काळ्या पाण्यात अर्धा बुडालेला होता. जोड गळू नये म्हणून त्यावर सुतळी आणि सफेद्याचा लेप, किती काळजीनं गुंडाळलेला, एक वेढा दुसऱ्यावर नीट चढवलेला. आणि त्याच्या जरा पुढे गंजानं खाल्लेली जागा. पाणी नुकतंच गेलं होतं. तिनं अंगणात येऊन तोटी उघडली आणि तोटीच्या तोंडाला बोट लावलं. तोटीनं बोट आत ओढून घेतलं. तान्हं ओढतं तसं.

ती सांगायला तशीच ओट्यावर गेली होती. तिथे भाऊजी, म्हणजे बाबाराव, बसलेले होते. त्यांच्या मांडीवर रमाचं लाल झबलं होतं आणि ते त्याची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. मंदाकिनी आल्या पावली परत फिरली. चुलीवर पातेलं चढवलं. ते पातेलं त्यानंतर कधी उतरलं नाही.

बाहेर तोटी खोकली.

"आई, नळ आला!" ऋतानं हाक दिली. नागपूरची पोरगी, पण हाकेत भीमाबाईंचाच हेल. बाबारावांनी तिला तोही शिकवला असणार.

मंदाकिनीनं गॅस बंद केला आणि बाहेर आली.

अंगणात पाट मांडला होता. तोटीवर हिरवा खण बसला, त्यावर कुंकवाची बोटं उठली. शेजारच्या कलावतीबाई आपली बादली बाजूला ठेवून ओवाळायला उभ्या राहिल्या. ऋतानं गव्हाची ओंजळ नळाखाली सोडली, नारळ ठेवला, आणि बाळाला मांडीवर घेऊन गायला लागली. गळा बारीक होता, पण सुरात होता.

पाणी घाल गं माये, माझ्या तान्हीच्या ओठी
सात पिढ्यांची तहान, तुझ्या पदराच्या गाठी.

बाबाराव डोळे मिटून मान डोलवत होते. तुळशीवर ऊन आलं होतं. धार नितळ होती, अगदी नितळ. मंदाकिनीला आठवलं, तेव्हाही ती अशीच नितळ होती.

हिचा एक थेंब. एका थेंबानं काय होतं? शिशिरच्या वेळी तिनं तो लावल्याचं नुसतं दाखवलं होतं. करंगळी धारेला न लावता नुसती धरली होती, कोणाला दिसू न देता कोरडंच बोट त्याच्या ओठांवरून फिरवलं होतं. ते आपल्यापुरतं झालं. पण ऋता खरंच लावेल. आणि मग संध्याकाळी गल्ली बुजवली जाईल, वरून सिमेंट पडेल, आणि ही पोर मोठी होईल, ह्याच पाटावर बसेल, मांडीवर तिचं पोर घेऊन. कलावतीबाईंची बादली रोज इथेच भरत राहील.

ऋतानं करंगळी धारेत बुडवली. बाळानं ओठांचा चंबू केला.

"ऋता, थांब."

मंदाकिनीनं तिचं मनगट धरलं होतं. कसं आणि कधी, तिलाही कळलं नाही. करंगळीवरचा थेंब खाली गव्हात पडला.

"काय झालं, आई?"

"काकू, आता थेंबही उकळता का?" निलेश हसत म्हणाला. पण त्याचं हसू अर्ध्यातच विरलं, कारण काकू त्याच्याकडे बघत नव्हती. ती बाबारावांसमोर जाऊन उभी राहिली होती. थोरल्या दिरासमोर ती अशी, पदर सावरायचा सोडून, सरळ डोळ्यांत बघत कधी उभी राहिली नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आपली रमा दृष्टीनं नाही गेली."

रमा हे नाव त्या अंगणात कित्येक वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. शिशिरनं वडिलांकडे पाहिलं. श्यामकांतरावांच्या हातात नारळाच्या शेंड्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"ह्या पाण्यानं गेली. तुम्ही औषधाले खाली गेले होते तेव्हा डॉक्टरनं मले सांगितलं. पाईप नालीत होता. नळ गेला की नालीतलं आत ओढत होता. मी बोट लावून पाहिलं हाय."

नळ वाहतच होता. खणाची घडी भिजून तोटीला चिकटली होती. श्यामकांतराव उठले, हळूहळू चालत गेले आणि त्यांनी तोटी बंद केली. मग ते जागेवर परतले नाहीत. बायकोच्या शेजारी उभे राहिले. "मंदा," एवढंच म्हणाले.

बाबाराव नालीवरच्या फरशीकडे बघत होते. मग त्यांनी आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले, जणू त्यांना अजून सफेदा लागलेला होता.

"पाईप म्या वळवला होता," ते म्हणाले.

"हव."

"सुतळी म्या बांधली."

"चांगली बांधली होती, भाऊजी. जोड नव्हता गळत. बाजूचं लोखंड गेलं होतं."

तुळशीवरून एक चिमणी उडाली. फाटकात शालिग्राम डोकं खाली घालून उभा होता. मग बाबाराव काठी टेकत उठले, तुळशीपाशी गेले, मंजिऱ्यांवरून हात फिरवला, आणि तुळशीकडे पाठ न फिरवता म्हणाले, "शालिग्राम, सीधा ले ले. पहले इसको उठाना पड़ेगा. जड़ से, मिट्टी के साथ. मैं बताता हूँ कैसे."

"हव बाबूजी."

"मी धरतो," शिशिर पुढे झाला. निलेशनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. ऋता बाळाला घट्ट धरून तशीच पाटावर बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

बाबाराव वळले. त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला होता.

"तुले तवापासून माहीत हाय?"

"हव."

"मंग मले काहून नाही सांगितलं, मंदा? इतके वर्स तू एकटीच पाणी उकळून राहिली. आम्ही हासून राहिलो. काहून नाही सांगितलं?"

मंदाकिनी पाटापाशी वाकली. ऋताच्या मांडीवरून तिनं बाळाला उचललं, दुपट्याचं टोक नीट केलं, आणि दोन्ही हातांवर ते तान्हं त्यांच्यासमोर धरलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तं तुम्ही पुन्हा कोणाचं लेकरू खांद्यावर घेतलं नसतं."